आम्ही उतरवलेली भिंत

खोटं बोलायचं असं ठरवून मी काही टेकडी चढलो नव्हतो. पहाटे उठून, गुडघ्याला पट्टा आवळून, धायरीच्या मागच्या टेकडीवर रोज चढणारा एकाहत्तर वर्षांचा माणूस खोटं बोलेल तरी कशाला, आणि कुणाशी? वर भेटतात ते सगळे माझ्यासारखेच. कुणाची साखर वाढलेली, कुणाला सून बोललेली. पण त्या दिवशी माथ्यावर एक मुलगी उकिडवी बसून दगडांच्या सांध्यांत ब्रश फिरवत होती. पुण्यात माणूस असा काही करताना दिसला की विचारल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे गावाच्या परंपरेला बट्टा.

"काय हरवलंय का?" मी विचारलं.

"हो ना काका," मान वर न करता ती म्हणाली. "भिंत."

मुलगी यवतमाळकडची. इथे पुरातत्त्व शिकायला आलेली, आता पीएचडी करणारी. तिने मला हाताला धरून दाखवलं. ज्यावर बसून मी कित्येक वर्षं बुटाची नाडी बांधत होतो, ते नुसते पडलेले दगड नव्हते. माथ्याला वळसा घालून जाणारी ती एक तटबंदी होती. दोन्ही बाजूंना मोठ्या दगडांच्या रांगा आणि मध्ये चिपा आणि माती ठासून भरलेली. एका जागी वाट आत शिरते ती सरळ नाही, वळून शिरते, म्हणजे आत येणाऱ्याची उघडी कूस भिंतीवरच्या माणसाला माऱ्यासाठी आपोआप मिळावी. ज्यांनी हे रचलं त्यांना लोखंड माहीत नव्हतं, लिहिणं माहीत नव्हतं. शेती होती, गुरं होती, लाल मडक्यांवर काळी नक्षी काढायची हौस होती. तीनेक हजार वर्षांपूर्वीची गोष्ट.

"एवढं कुणाला घाबरत होते ते?" मी विचारलं.

"शेजाऱ्यांना," ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे सोसायटीच होती म्हणायची. ती हसली. मला बरं वाटलं, मुलगी चांगली आहे असं वाटलं. आणि लगेच तिने दक्षिणेच्या बाजूला बोट केलं.

"इकडे बघा. इकडे फक्त पाया राहिला आहे. वरचे सगळे दगड कोणीतरी काढून नेले. जुनं काम नाही हे, वीसेक वर्षांतलं आहे. उघड्या दगडावर दगडफूल धरतं ना काका, यांच्यावर अजून नीट धरलंच नाही. तीन हजार वर्षं टिकलेली भिंत! नालायक लोक."

 ते नालायक लोक म्हणजे आम्ही.

"आणि खाली त्या झाडांमध्ये चर आणि बांध आहे ना," ती पुढे म्हणाली, "तो कोणी केला, माहीत आहे का तुम्हाला?"

"छे बुवा," मी म्हणालो. "आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे तो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. का खोटं बोललो? तेव्हा त्यात फायदा-तोटा काही नव्हता. एका परक्या पोरीने नालायक म्हटलं आणि मला ते अंगाला लावून घ्यायचं नव्हतं, एवढंच.  

आता काय झालं होतं ते सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही पेठेतली भाड्याची जागा सोडून धायरीला फ्लॅट घेतला. माझी बायको शाळेत विज्ञान शिकवायची. खिडकी उघडली की समोर ही टेकडी, पार तुळतुळीत. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "अहो, हा बोडका डोंगर बघत बघत मी म्हातारी होणार नाही, सांगून ठेवते." तिने सांगून ठेवलं म्हणजे ते व्हायचंच. इमारतीतले दोन निवृत्त, एक किराणा दुकानदार, दोन कॉम्प्युटरवाली पोरं, तिच्या शाळेतल्या तिघी-चौघी असा कंपू जमला. दर रविवारी श्रमदान.

मी सरकारी कचेरीत जन्मभर नकाशे काढले. त्यामुळे आखणी माझ्याकडे. पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन्ही टोकांची पातळी जुळवत, उतारावर एका उंचीने जाणारी चुन्याची रेघ मी मारली. तिच्यावर आडवा चर खणला, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता तिथेच मुरतं. निघालेली माती खालच्या अंगाला टाकून बांध घातला. बांध वाहून जाऊ नये म्हणून त्याला दगड लावायचे होते. दगड आणायचे कुठून? खालून वर वाहायचे तर कंबरडं मोडलं असतं.

"वर माथ्यावर एवढे आयते दगड रचून ठेवलेत," बायको म्हणाली. "ते काय देवाला वाहायचेत? खाली सोडले की आपोआप येतील."

आम्हाला तो मेंढरं कोंडायचा जुना वाडा वाटला. वर गवत कापायला आलेली गावातली एक म्हातारी आम्हाला बघून विळा टाकून उठली. "आवो बाई," ती म्हणाली, "त्यो देवीचा गडगा हाय. त्याला कुनी हात लावत न्हाई." बायकोने तिला हात जोडले. "आजी, देवीला सावली नको का?" म्हातारीही हसली. काय बोलणार? माझ्या बायकोपुढे शाळेचे संचालकसुद्धा काही बोलायचे नाहीत. पहारींनी आम्ही दगड सुटे केले, रांग लावून हातोहात खाली दिले, आणि एका पावसाळ्याच्या आत दक्षिणेची भिंत उतरवून बांधाला लावली.

मग झाडं. कडुनिंब, करंज, बहावा, शिरीष. रोपं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवलेली. सगळ्या धायरीतून तिने पिशव्या गोळा केल्या होत्या, धुऊन, वाळवून. चराने पाणी धरलं आणि झाडांनी जीव धरला. आज तिथे दुपारीसुद्धा उन्हाचा कवडसा मोजावा लागतो. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून लोक त्या जागेला बाईंची राई म्हणतात. पाटी कुणी लावलेली नाही, पण रिक्षावालासुद्धा ओळखतो. मी रोज तिथे थोडा वेळ बसतो. बोलत वगैरे नाही, नुसता बसतो.

त्याच राईतून रस्ता जाणार होता. टेकडीच्या पलीकडे टोलेजंग इमारती झाल्या होत्या, त्यांना इकडून जवळचा रस्ता हवा होता. चैत्रात मोजणीवाले येऊन उतारावर खुंट्या ठोकून गेले. अर्ज झाले, सह्या झाल्या, वर्तमानपत्रात पत्रं झाली. पुणेकराला पत्र लिहायला मिळालं की अर्धा आजार बरा होतो. खुंट्या होत्या तिथेच होत्या.

आणि अशा वेळी ही मुलगी आली. पंधरा दिवसांत टेकडीभर बातमी झाली की वर किल्ला निघाला. शिवाजी महाराजांचा का, असं शंभर जणांनी विचारलं असेल. ती शांतपणे सांगायची, "त्यांच्याही अडीच हजार वर्षं आधीचा." मग तिने नकाशा काढला. माथ्यावर आतली तटबंदी, आणि खाली उतारावर दुसरी संरक्षक रेघ, चर आणि बांध. माझा चर. आमचा बांध. पाहणीला सरकारी मंडळी येणार होती. त्यांना पटलं तर नकाशातल्या बाहेरच्या रेघेच्या आतली सगळी जागा राखीव होणार होती. म्हणजे राई आत. रस्ता बाहेर.

आमचा दुकानदार मित्र पोट धरून हसला. "अरे, तुझा चर तीन हजार वर्षांचा झाला की! तू एवढा म्हातारा दिसत नाहीस हां."

"हसण्यावारी नेऊ नकोस," मी म्हणालो. "पोरीला सांगायला हवं."

"कशाला?" तो एकदम गंभीर झाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचा अभ्यास होतोय, राई वाचतेय, वहिनींचं नाव राहतंय. कुणाचं वाकडं झालं? तुला फक्त गप्प बसायचंय. जमेल ना?"

सगळ्या कंपूचं तेच मत पडलं. मी गप्प बसलो. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. रोज वर जायचो, थर्मासमध्ये चहा न्यायचो, तिच्याजवळ बसायचो, आणि तिने "काका" म्हटलं की तिचा कप पुन्हा भरायचो. जेवण जाईना. डॉक्टरांनी बीपी बघून विचारलं, काही टेन्शन आहे का? मी म्हटलं, प्रागैतिहासिक आहे. त्यांनी गोळी वाढवली.

सगळ्यात वाईट म्हणजे ती माझ्याच कामाचं कौतुक करायची. "काका, हा चर ज्यांनी आखला त्यांना चढउताराची काय समज होती! शेवटपर्यंत पातळी हलली नाही. कोणतंही साधन नसताना." साधन होतं गं बाई, पंचवीस फूट नळी होती, असं अगदी ओठावर यायचं. चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. सुखावून जायचो आणि विषय बदलायचो.

पाहणीची मंडळी गुरुवारी येणार होती. सोमवारी मुलगी चराच्या काठावर गप्प बसलेली दिसली. काय झालं म्हटलं तर म्हणाली, "काका, एक गोष्ट जुळत नाही. शत्रू येतो खालून. मग आधी चर पाहिजे आणि त्याच्या वर बांध, म्हणजे तो चरात पडेल आणि आपण वरून मारू. इथे उलटं आहे. बांध खाली, चर वर. म्हणजे शत्रू बांधावर चढला की त्याला आत लपायला चर तयार! असं कोण करेल?"

"खरंच, कोण करेल?" मी म्हणालो. 

"माझे गाईड सर म्हणतात काही ठिकाणी बाहेरच्या अंगालाही माती टाकतात. मी तसंच लिहिलं आहे. वेगळ्या पद्धतीचं संरक्षण म्हणून. इथे खणायची परवानगी अजून नाही. पुढच्या मोसमात हा बांध आडवा कापून बघणार आहे. तळाशी काहीतरी सापडेलच."

तळाशी काय सापडणार ते मला ठाऊक होतं. दुधाच्या पिशव्या. बायकोची शिस्त होती की फाटलेल्या पिशव्या टेकडीवर उडू द्यायच्या नाहीत, बांधाच्या मातीत खोल पुरायच्या. प्लास्टिक असं गाडून टाकण्यात तेव्हा आम्हाला काही गैर वाटलं नव्हतं. आज ना उद्या ही पोरगी बांध कापणार, सगळे विद्वान वाकून बघणार, आणि तीन हजार वर्षांच्या तटबंदीतून अर्धा लिटर गाईच्या दुधाची पिशवी निघणार. जन्मभर हसतील तिला. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

मंगळवार मी अंथरुणात काढला. ताप नव्हता. राई की पोरगी, राई की पोरगी, एवढंच डोक्यात. राई म्हणजे झाडं नव्हती हो माझ्यासाठी. माझ्या बायकोचं जगात आता तेवढंच उरलं होतं. आणि ते वाचवायला मला काही करायचंही नव्हतं, नुसतं आजारी पडून राहायचं होतं गुरुवार संध्याकाळपर्यंत.

बुधवारी दुपारी मी टेकडी चढलो. भर उन्हात ती टोपी घालून नकाशावर वाकलेली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "तो चर माझा आहे."

"म्हणजे तुमच्या मालकीचा?"

"मी खणलाय. मी आखलाय. एकोणीस वर्षं झाली."

"काका, मजाक करून राहिले का तुम्ही?"

मी तिला नळीचं सांगितलं. चुन्याच्या रेघेचं, रविवारचं, पिशव्यांचं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग तिने ज्याची मला भीती होती तेच विचारलं.

"बांधाला लावलेले दगड कुठून आणले?"

"वरून."

 ती रडली असती तर मला सोसलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तीन हजार वर्षं कोणी हात लावला नाही, काका. गावातल्या अडाणी बायांनी नाही लावला. तुम्ही शिकलेल्या लोकांनी एका पावसाळ्यात... आणि तुम्ही रोज माझ्याजवळ बसून चहा पीत होते."

 तिने नकाशा उलगडला, पेन्सिलीची बाहेरची रेघ खोडरबराने पुसली. लांब रेघ होती, वेळ लागला. राई माझ्या डोळ्यांदेखत बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. सांगून टाकलं, मोकळा झालो.

कसला मोकळा! ती म्हणाली, "उद्या ते विचारतील, गुडघाभर दगडांची रांग म्हणजे किल्ला कशावरून? शेताचा बांध असेल, गुरांचा गडगा असेल. बाहेरची रेघ होती तेव्हा वजन होतं. आता फक्त हेच उरलं. दक्षिणेची बाजू सगळ्यात चांगली उभी होती, तीच तुम्ही काढली. किती उंच होती?"

"असेल माझ्या खांद्याएवढी."

"आठवणीला कोण धरतं, काका? फोटो आहे का एखादा?"

"नाही," मी म्हणालो.

दुसरं खोटं. पहिलं तरी नकळत तोंडून गेलं होतं, हे मात्र पूर्ण शुद्धीत. फोटो होता. कंपूतल्या एका पोराने त्या रविवारी काढलेला, आमच्या कपाटात अल्बममध्ये. अर्धवट पाडलेली भिंत, आणि तिला टेकून माझी बायको. पदर खोचलेला, कपाळावर माती, चेहऱ्यावर लढाई जिंकल्यासारखं हसू, आणि हातात पहार. जिला सगळी धायरी झाडं लावणारी बाई म्हणून ओळखते, तिला मी जगासमोर भिंत पाडणारी बाई म्हणून उभी करू? मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. चूक आम्हा सगळ्यांची, आणि फोटोत एकटी ती.

घरी येऊन अल्बम काढला. सहा वर्षं मी तो फोटो बघत होतो, पण फक्त तिला बघत होतो. भिंत त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मला खांद्याएवढी आठवत होती, ती बायकोच्या डोक्याच्याही वर वीतभर होती. आणि जिथे आम्ही दगड काढले होते तिथे भिंतीचा कापलेला भाग स्वच्छ दिसत होता, दोन बाजूंना दोन रांगा आणि मध्ये ठासलेली भर. शेताला असा बांध कुणी घालत नाही, हे माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसालाही कळत होतं. पोरगी महिनाभर ब्रश घेऊन जे शोधत होती ते माझ्या कपाटात प्लास्टिकच्या कव्हरात पडलं होतं.

"काय गं करू?" मी फोटोतल्या बायकोला मोठ्याने विचारलं. तिचं उत्तर मला माहीत होतं, म्हणून तर विचारायला घाबरत होतो. गणित चुकलं तर पान फाडायचं नाही, खाली बरोबर करून दाखवायचं, हे तिने पंचवीस वर्षं पोरांना सांगितलं होतं.

गुरुवारी माथ्यावर तीन साहेब आले. मुलगी भिंतीचं सांगत होती. त्यातले मोठे साहेब बुटाच्या टोकाने एक दगड हलवून म्हणाले, "हा शेताचा बांध नाही कशावरून?" ती काहीतरी सांगू लागली, तेवढ्यात मी मध्ये घुसलो आणि फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा वर केला. "या बाई कोण?"

"माझी पत्नी."

"हातात काय आहे त्यांच्या?"

"पहार."

"कशासाठी?"

"भिंत पाडायला," मी म्हणालो. "आम्ही सगळ्यांनी पाडली. आम्हाला कळलं नाही."  

साहेबांनी फोटो दुसऱ्यांना दिला, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना. आता कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे फोटोतल्या भिंतीकडे बघत होते. मुलीने तो हातात घेतला आणि खाली बसली. "भिंतीचा आडवा छेद आहे हा," ती पुटपुटत होती, "अख्खा छेद आहे." मग वर बघून म्हणाली, "काका, काकूंची उंची किती होती?"

"पाच फूट," मी म्हणालो.

तिने खिशातली पट्टी काढून फोटोवर ठेवली आणि तिथल्या तिथे माझ्या बायकोवरून भिंत मोजली.

माथा राखीव होतोय. उतार नाही. दुकानदार मित्र म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस," आणि आता तो कंपूबरोबर दुसऱ्या वाटेने चढतो. मी रागावलो नाही, त्याचंही त्या राईत घाम-पाणी गेलंय. गेल्या आठवड्यात माणसं आली आणि झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घालून गेली. रस्ता कधी सुरू होणार ते कुणी सांगत नाही. रोज सकाळी लांबून झाडं दिसतात का ते आधी बघतो. दिसली की मग बसतो.

परवा मुलगी घरी आली, अहवाल दाखवायला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी चहा केला, तिने घेतला. लॅपटॉप उघडून म्हणाली, "काका, फोटो घालायचा आहे. तुमची परवानगी पाहिजे. काकूंना बाजूने कापता येईल, भिंत तेवढी राहील. म्हणजे पहार दिसणार नाही, कोणी काही बोलणार नाही."

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. चांगला झाला. मी पडद्यावरच्या तिच्याकडे बघत राहिलो.

"कापू नकोस," मी म्हणालो. "ती नसली तर भिंत किती उंच होती ते लोकांना कसं कळणार?"

तिने मान हलवली आणि फोटोखाली लिहायला घेतलं, वाचत वाचत. "दक्षिण तटबंदी, दगड काढले जात असताना. मापासाठी शेजारी उभी व्यक्ती, उंची पाच फूट."

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं?"

"पाच फूट ती सांगायची. रेशनकार्डापासून सगळीकडे तेच. लग्नाच्या वेळी माझ्या आईलाही तेच सांगितलेलं." मी कप खाली ठेवला. "चार फूट अकरा लिही."

"एका इंचाने काही फरक पडत नाही, काका."

"भिंतीला पडतो," मी म्हणालो. "चार फूट अकरा लिही."